स्वस्त गाडीची पायपीट

वाहनांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. ढमढेरे मास्तरांच्या अंगणात पेट्रोलवर चालणारी एक म्हातारी गाडी होती. एके दिवशी तिच्या शेजारी विजेची नवी गाडी येऊन उभी राहिली.

"आजी, तुम्ही फार खाता हो," नवी म्हणाली. "तुमच्या एका फेरीच्या खर्चात मी चार फेऱ्या मारते."

ते खोटं नव्हतं. त्यातच मास्तरांनी जाहीर केलं, "जिचा खर्च जास्त, ती दिवाळीला विकायची."

पण घराची चालच बदलली. पूर्वी मास्तरांच्या पत्नी, काकू, कोथिंबिरीला पायी जात. आता म्हणू लागल्या, "विजेचीच तर आहे, काढा!" मास्तर देवळातसुद्धा गाडीने जाऊ लागले. पाहुणा आला की त्याला उगाच गावभर चक्कर. म्हातारीला मात्र "नको, पेट्रोल जळतं" म्हणून कुणी हातही लावीना.

दिवाळीपर्यंत नवीचे टायर पार गुळगुळीत झाले. मास्तरांनी हिशेब मांडला, चष्मा पुसून पुन्हा मांडला. नवीचाच खर्च जास्त!

"पण मी तर कमी खाते!" नवी रडकुंडीला आली.

"कमीच खातेस, बाळ," म्हातारी हळूच म्हणाली. "पण तुला बसू कुणी दिलं?"

कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची हायब्रिड उभी होती. पेट्रोल आणि वीज, दोन्हींची चव तिला ठाऊक होती. "नवी होते तेव्हा मलाही असंच पळवलं," ती म्हणाली.

इतक्यात आतून हाक आली, "अहो, कोथिंबीर संपली!"

मास्तरांनी विकायचा विषय बाजूला ठेवला, दोन्ही किल्ल्या खुंटीला लावल्या आणि चालायच्या वहाणा शोधल्या. त्यांत कोळ्याने जाळं विणलं होतं.