पोलादी दांडा आणि तिसरं चाक

फार वर्षांपूर्वी एका भट्टीच्या पंख्यात एक पोलादी दांडा होता. त्याच्यावर बसवलेली चिनी मातीची दोन चाकं तडकली होती. त्या दिवशी तिसरं चढलं. हे निसटू नये, या धास्तीने दांड्याने ते घट्ट आवळलं.

भट्टी तापली, तसा दांडा फुगला. चाक करकरलं. "दादा, जरा सैल सोडा! फुटेन मी!"

"सैल सोडलं तर तू फिरशील कसं?"

फळीवरचं तांब्याचं कडं म्हणालं, "मला तुम्हा दोघांच्या मधे घ्या. मी मऊ आहे, दबेन."

चाक पुन्हा करकरलं. दांड्याला आधीची दोन तडकलेली चाकं आठवली. "थांबवा!" तो भट्टीजवळच्या कारागिराला ओरडून म्हणाला.

कारागिराने भट्टी निवू दिली आणि कडं दांडा नि चाकाच्या मधे बसवलं. भट्टी पुन्हा तापली, दांडा फुगला, कडं दबलं आणि चाक गरगर फिरू लागलं.

दांडा दिवसभर हळूच विचारत राहिला, "कड्या, सोसवतंय ना रे?"