लाल रेघेवरून आलेले अण्णा

“तुम्ही त्यांना येऊ नका म्हणून का सांगत नाही, बाबा?”

निरुपमाने मठात शिरताना दंडवतही घातला नव्हता. तिचे वडील, अण्णा, मोबाइल उशीखाली ठेवून गुपचूप घरून निघाले होते. निघाले म्हणजे इथेच येणार, दुसरं ठिकाण नाही.

सातगावकर बाबा दारालगतच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

“मी सांगून तो ऐकेल?”

“हे बघा तरी!” तिने मोबाइल पुढे केला.

शहरात माणसाला कुठे चालता येतं, याचा नकाशा महापालिकेसाठी तिनेच केला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. हिरवी रेघ म्हणजे खुशाल चाला. लाल म्हणजे घरी बसा. घरापासून मठापर्यंत सगळं लाल, म्हणून तिने अण्णांचं येणं बंद केलं होतं. तेव्हापासून अण्णांनी तिच्याशी अबोला धरला होता.

“या रस्त्याने माणूस चालूच शकत नाही, बाबा. त्यांना काही झालं तर…”

“वाट बघ.”

ती बसली आणि मोबाइलवरची लाल रेघ बघत राहिली.

…

“बघतेस ना?”

“मघापासून तेच करतेय की!”

“मोबाइल बघतेयस. मी वाट बघ म्हटलं.”

तिने मान वर केली.

समोरच्या गॅरेजवाल्याने फुटपाथवरची मोटारसायकल ओढून बाजूला घेतली. फुलवालीने पाटी उचलून मांडीवर घेतली. एका रिक्षावाल्याने भर रस्त्यात रिक्षा आडवी घातली आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

त्या फटीतून काठी टेकत, रमतगमत अण्णा आले.

निरुपमा धावत दारात गेली. तिचा जीव भांड्यात पडला होता. रडू येत होतं आणि हसूही.

“रोज असेच येत होता?”

“मग काय उडत येऊ?” अण्णा बोलले. तिच्याशी बोलले!

तिने डोळे पुसले आणि पुन्हा मोबाइल उघडला. सवय जाते थोडीच.

“पण बाबा, इथे धड फुटपाथ नाही, पट्टे नाहीत. हे नकाशात कोणत्या रंगाने दाखवू?”

अण्णा पायरीवर काठी टेकून उभे होते. दाराच्या मधोमध ती.

बाबांनी मूठभर दाणे वाटीत टाकले.

“रंगाचं मागून बघू. आधी अण्णाला वाट दे.”