राजकन्या ऊर्जितेचा पण

एका राज्यात अशी रीत होती, की चांगलं बोलायचं ते तीट लावून. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, तसा तिथले लोक बोलण्याला ‘पण’ लावत. नवं घर उभं राहिलं की म्हणत, “घर सुरेख झालं, पण दार बुटकं राहिलं.” सून घरात आली की म्हणत, “सून गुणाची आहे, पण चालते फार धाडधाड.” कुणाची दृष्ट लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

एरवी त्या राज्यानं कुणापुढं मान तुकवावी असं काही नव्हतं. तिथल्या लोहारांच्या तलवारी वेतासारख्या वाकत आणि पुन्हा सरळ होत. तिथल्या विणकरांचं वस्त्र अंगठीतून पार जाई. तिथला राजा रणकेतू रणातून कधी पाठ दाखवून आला नव्हता, आणि त्याची एकुलती कन्या ऊर्जिता त्याच्याहून उंच घोड्यावर बसत असे.

एके दिवशी राजसभेत वक्रमुख नावाचा जादूगार आला. त्याच्या दाढीत विंचू फिरत होते आणि त्याची सावली त्याच्यापुढं चालत होती. तो म्हणाला, “राजा, मला राजगुरू कर.”

राजानं उठून त्याला नमस्कार केला आणि रीतीप्रमाणं उत्तर दिलं. “आपली विद्या थोर आहे, पण आमच्या उपयोगाची नाही.”

जादूगार हसला. “शाप शोधायला मला लांब जायला नको. तो तुमच्या जिभेवरच आहे. ऐक, राजा! आजपासून या राज्यात ‘पण’च्या पुढं जे येईल, त्याला बळ येईल. ‘पण’च्या मागं जे राहील, त्याचं बळ जाईल आणि ते माझ्या खजिन्यात जमा होईल. ‘पण’ गिळू पाहाल, किंवा मनाला न पटलेलं बोलाल, तर घसा गोठेल.”

एवढं बोलून तो आपल्या सावलीत शिरला आणि सावली खिडकीतून निघून गेली.

प्रधान घाबरून पुढं आला. “महाराज, आपण बरे आहात ना?”

“बरा आहे,” राजा म्हणाला, “पण पाय दगडासारखे जड झालेत.”

आणि राजाची पावलं दगडाची झाली.

वैद्यराज धावले. त्यांनी पावलं ठोकून पाहिली. ती टणटण वाजली. ते म्हणाले, “घाबरायचं कारण नाही, पण हे वर चढू शकतं.” दगड घोट्यांच्या वर चढला. प्रधानानं वाकून पाहिलं. तो म्हणाला, “महाराज धीराचे आहेत, पण गुडघे काही वाचत नाहीत.” गुडघे गेले.

“बाहेर व्हा सगळे!” ऊर्जिता कडाडली. “तुमच्या मायेनं बाबांचा संध्याकाळपर्यंत पुतळा होईल!”

राजवाड्याबाहेर याहून वाईट चाललं होतं. कुणी म्हणालं, “पीक भरघोस आलंय, पण टोळ येतील,” आणि टोळ आले. कुणी म्हणालं, “विहीर भरलेली आहे, पण उन्हाळा काढणार नाही,” आणि विहीर आटली. मग लोकांनी बोलणंच सोडलं. तलवारी घडवणारे लोक जमिनीकडं पाहून चालू लागले. ऊर्जितेनं सज्जातून ते पाहिलं. टोळांचं तिला एवढं वाटलं नाही. त्या खाली घातलेल्या माना तिला बघवेनात.

ती निरोप न घेताच निघाली. जिना उतरताना तिला वडिलांचा आवाज आला. प्रधानाला ते सांगत होते, “ऊर्जिता शूर आहे, पण हट्टी आहे.” त्याच क्षणी तिच्या हातातली तलवार जड झाली. शौर्य गेलं. राहिला तो हट्ट. तेवढ्या बळावर ती वक्रमुखाच्या डोंगराकडं चालू लागली.

डोंगराला तीन दारं होती. पहिलं दार म्हणजे एक जळतं रान. ते बारा महिने जळत असे आणि कधी संपत नसे. रानाच्या तोंडाशी एक जळता साग उभा होता. तो म्हणाला, “माझ्याविषयी बोल आणि जा.”

ऊर्जितेनं वाटेत ठरवलं होतं, की वाईट म्हणून बोलायचंच नाही. ती मोठ्यानं म्हणाली, “हे रान शीतल आहे. या ज्वाळा फुलांसारख्या आहेत.” तिचा घसा गोठू लागला. श्वास अडला. शेवटी श्वासासाठी तिनं तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर पडले, “पण मी जळणार!” तिच्या वेणीनं पेट घेतला. ती मागं धावली आणि नदीत पडली.

काठावरच्या गोट्यांत एक टिटवी बसली होती. ती पोट धरून हसली. “टिटिव टिव! आगीला फूल म्हणे! अगं, आगीला तरी पटलं का ते?”

“तू गप्प बस,” नदीतून बाहेर येत ऊर्जिता म्हणाली. तिची अर्धी वेणी उरली होती.

“गप्प बसून टिटवी झाली असते का मी? बस इथं. कोरडी हो. डोकं थंड होऊ दे.”

सूर्य मावळायला आला, तशी टिटवी आपल्या अंड्यांशेजारी उताणी झाली आणि तिनं दोन्ही पाय वर केले. ऊर्जितेला राग आलेला असूनही हसू आलं. “हे काय चाललंय?”

“झोपते आहे. दिसत नाही? आभाळ पडेल, पण माझे पाय वर आहेत.”

ऊर्जिता उठून बसली. “पुन्हा म्हण.”

“बहिरी आहेस का गं? आभाळ पडेल, पण माझे पाय वर आहेत! रोज म्हणते. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची.”

“आमच्याकडं उलटं म्हणतात,” ऊर्जिता पुटपुटली. “आमच्याकडं म्हणतील, ‘माझे पाय वर आहेत, पण आभाळ पडेल.’ शब्द तेच आणि भीतीही तीच. तुम्ही ती आधी म्हणून मोकळ्या होता. आम्ही ती शेवटी ठेवतो आणि रात्रभर उशाला घेऊन झोपतो!”

“मग तुमच्या डोक्यावर आभाळ पडतच असणार,” टिटवी म्हणाली आणि झोपी गेली.

पहाटे ऊर्जिता सागापुढं उभी राहिली. रानातून एका ओढ्याची घळ नदीकडं उतरत होती, ती तिला आता दिसली. तिनं आगीला फूल म्हटलं नाही. ती म्हणाली, “रान जळतंय आणि मला भीती वाटते, पण ओढ्याची घळ ओली आहे.” आगीचं बळ गेलं आणि घळीला बळ आलं. दोन्ही काठांवरच्या ज्वाळा मागं सरल्या. ऊर्जिता ओल्या घळीतून पार झाली. तिच्या कोपराला चटका बसला, तो तिनं सोसला. टिटवी तिच्या डोक्यावरून उडत आली. “तमाशा अर्धा सोडून कोण जातं?” ती म्हणाली.

दुसरं दार खजिन्याचं होतं. गुहेत रत्नांच्या राशी होत्या आणि प्रत्येक रत्न बोलत होतं. ‘पीक भरघोस आलंय.’ ‘घर सुरेख झालं.’ ‘सून गुणाची आहे.’ तिच्या राज्यातल्या माणसांचे आवाज होते ते. सगळी अर्धी वाक्यं, ‘पण’च्या मागं राहून गेलेली. ऊर्जिता थक्क होऊन पाहत राहिली. एवढं वैभव होतं आमच्याकडं? आणि आम्ही खाली मान घालून चालत होतो?

पलीकडच्या दारावर अक्षरं उमटली. ‘आपलं रत्न ओळख आणि हाती घे.’

तिनं आवाज ओळखला. एक तांबडं रत्न वडिलांच्या आवाजात म्हणत होतं, ‘ऊर्जिता शूर आहे.’ तिनं ते उचललं आणि तिचा तळहात भाजला. गुहेतून उरलेलं वाक्य घुमलं. ‘पण हट्टी आहे. पण हट्टी आहे.’

“यात खोटं काय आहे?” टिटवी म्हणाली. “रानात अर्धी वेणी जाळून पुन्हा त्याच रानात शिरणाऱ्या बाईला काय म्हणायचं?”

“खोटं नाहीच,” ऊर्जिता म्हणाली. तिनं मूठ घट्ट मिटली आणि मान वर करून गुहेला ऐकू जाईल असं म्हटलं, “ऊर्जिता हट्टी आहे, पण शूर आहे!”

रत्न थंड झालं. तलवार पुन्हा हलकी झाली. दार उघडलं.

तिसऱ्या दारात वक्रमुख स्वतः बसला होता. त्याची सावली त्याच्यापुढं पसरली होती आणि तिच्यात राजसभा दिसत होती. राजा कमरेपर्यंत दगड झाला होता.

“हुशार आहेस,” जादूगार म्हणाला. “आता बापाविषयी बोल. खरं बोल. ‘पण’च्या पुढं काय ठेवतेस ते मला ऐकायचं आहे.”

“बाबा दगड होत आहेत, पण...” ऊर्जिता थांबली. ‘बरे होतील’ म्हणावं, तर ते तिच्या मनाला पटेना. घसा थंड पडू लागला. वैद्य हरले होते. ओली घळ कुठंच दिसत नव्हती. पुढं ठेवायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. सावलीत दगड छातीकडं सरकला.

“काय झालं?” जादूगारानं डिवचलं. “बोल ना, राजकन्ये! काय तुझा पण?”

ऊर्जितेनं तो शब्द ऐकला आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या राज्यात तीट लावता लावता लोक विसरूनच गेले होते, की पण म्हणजे प्रतिज्ञाही असते. तिचे पूर्वज पण करून किल्ले घेत. तिची आजी पण लावून वर निवडायला उभी राहिली होती.

“माझा पण ऐक,” ती म्हणाली, आणि तिचा घसा मोकळा झाला, कारण यातला प्रत्येक शब्द तिच्या मनाला पटला होता. “पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. मी काय करीन ते ठाऊक आहे. मी परत जाईन. माझे वडील स्वतःच्या तोंडानं आपलं वाक्य फिरवतील, असं मी करीन. तसं झालं तर शाप तुटेल. नाही झालं तर माझा आवाज तुझा. कायमचा.”

जादूगाराच्या दाढीतले विंचू स्तब्ध झाले. बऱ्याच काळात कुणी त्याच्यासमोर असा पण केला नव्हता. “मान्य,” तो म्हणाला. “मात्र राजाच्या तोंडी शब्द तू घालायचे नाहीस. शब्द त्याचेच हवेत.”

त्यानं सावली उचलली आणि ऊर्जिता तिच्यातून थेट राजसभेत उतरली. टिटवीही तिच्यामागोमाग आली.

सभेत माणसं जमली होती आणि कुणी बोलत नव्हतं. दगड राजाच्या छातीपर्यंत आला होता. लेकीला पाहून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, “बाळ, तू आलीस, पण उशीर झाला.”

दगड सरसरत गळ्यापाशी गेला. पणाला लावलेला ऊर्जितेचा आवाजही दगडाबरोबर जाऊ लागला आणि चिरका झाला. “बाबा! शब्द तेच राहू द्या. जागा बदला!”

“राजा एकदा बोललेलं मागं घेत नाही,” रणकेतू कष्टानं म्हणाला.

“मागं घेऊ नका. फिरवा! तुम्ही घोडदळ फिरवता, तसं फिरवा!” आता ती जेमतेम कुजबुजत होती. “रणात वेढा पडला, की तुम्ही भीती कुठं ठेवता?”

“मागं,” राजा म्हणाला. “पाठीशी. आणि तोंड वाटेकडं.”

ऊर्जितेनं आणखी काही बोलायला ओठ हलवले. आवाज फुटला नाही. तिनं नुसती मान ताठ केली आणि वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं. टिटवी खांबावर बसली होती. आयुष्यात प्रथमच ती गप्प होती.

दगड हनुवटीला टेकला. राजा रणकेतूनं लेकीची जळकी वेणी पाहिली, भाजलेला तळहात पाहिला. त्यानं सावकाश, एकेक शब्द ओढून आणावा तसा आणला.

“उशीर झाला... पण तू आलीस.”

“उशीर झाला,” राजा पुन्हा म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खांबांवर आदळला, “पण माझी लेक आली!”

दगड खळकन फुटला आणि फरशीवर त्याची वाळू झाली. राजा दोन पायांवर उभा राहिला. ऊर्जितेच्या गळ्यातून एक आरोळी निघाली, ती वेशीबाहेरच्या शेतापर्यंत ऐकू गेली. त्याच घटकेला डोंगरातली रत्नं पाखरांसारखी उडाली आणि ज्याची त्याच्या घरी परतली. विहिरींना पाणी आलं. वक्रमुखाची सावली आपल्या धन्याला तिथंच सोडून निघून गेली, आणि सावलीवाचून जादूगार ऊन सोसवेना म्हणून भुयारात शिरला. तो पुन्हा दिसला नाही.

वैद्यराज पुढं आले, राजाची नाडी पाहिली आणि सवयीनं म्हणाले, “प्रकृती उत्तम आहे, पण...” सगळ्या सभेनं त्यांच्याकडं पाहिलं. वैद्यराज थांबले. त्यांनी घाम पुसला. “पण... म्हणजे... महाराजांचं वय झालं आहे, पण प्रकृती उत्तम आहे!” सभा हसली. राजाही हसला.

त्या राज्यात अजून बोलण्याला तीट लावतात. आता ती आधी लावतात. दार बुटकं राहिलं, पण घर सुरेख झालं. सून धाडधाड चालते, पण गुणाची आहे. तिथल्या माणसांच्या माना वर असतात. तिथं दुःखं नाहीत असं नाही. टोळ येतात, उन्हाळे लांबतात. ऊर्जिता राणी झाली, तेव्हा तिनं सिंहासनावर बसून पण केला, की माझ्या राज्यात भीती बोलायला कुणी लाजणार नाही आणि कुणी तिच्यापाशी थांबणारही नाही. तो पण तिनं पाळला.

कथा संपली, पण राज्य चालू आहे.