मागे माणूस उभा राहिला की उठायचं

एका गावात एक भोळा भाचा होता. बारकू त्याचं नाव. त्याला एक मामा होता, हैबती. मामा फार शहाणा होता. निदान मामाचं तरी तसं म्हणणं होतं.

बारकूला आईबाप नव्हते, तेव्हा त्याचं लग्न जमवायचं काम मामाकडे आलं. मामाने तालुक्याच्या रंगरावाची मुलगी काढली. भागी तिचं नाव. रंगरावाची बाजारपेठेत खानावळ होती. तो म्हणाला, "पाव्हणं, मी माणूस पत्रिकेवरनं ओळखत नाही, जेवणावरनं ओळखतो. पोराला बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून पाठवा. ओळख सांगायची नाही. रीतीनं जेवून गेला, तर पोरगी दिली!"

"एवढंच ना?" मामा म्हणाला. "जेवायला तर त्याला येतंच."

बारकू नवी टोपी घालून गेला आणि खानावळीच्या दारात उभा राहिला. कुणी 'या' म्हटल्याशिवाय तो आजवर कुणाच्यात जेवला नव्हता. माणसं त्याला खांदा घासत आत जात होती, ढेकर देत बाहेर येत होती. बारकूला कुणी विचारेना. शेवटी वाढपी खेकसला, "ओ टोपीवाले! आत या, नाहीतर बाजूला व्हा!"

'या' म्हणाला खरं, पण त्याला 'नाहीतर' चिकटलेलं होतं. दोन्हीतलं बाजूला होणं सोपं. बारकू बाजूला झाला आणि उपाशी घरी आला.

"मामा, मी त्यांना नकोसा दिसतोय. माझ्या थोबाडातच काहीतरी खोट असंल."

"खोट तुझ्या डोक्यात आहे," मामा म्हणाला. "अरे, खानावळीत कुणी आवतण देत नाही. सरळ आत जायचं. घरच्यासारखं बसायचं."

"सरळ?"

"सरळ!"

पुढच्या बाजारी बारकू सरळ गेला. बाकडी लागली, थांबला नाही. पडदा लागला, थांबला नाही. नाक चुलीला लागायची वेळ आली तेव्हा थांबला. तिथे मांडी घालून बसला, सदऱ्याची बटणं सोडली आणि भाकरी थापणाऱ्या पोरीला म्हणाला, "जरा कडक भाज."

ती पोरगी म्हणजे भागीच. ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. बारकूला ते हसणं भारी आवडलं. पण शेजारी तिची आई होती आणि आईच्या हातात उलथनं होतं. त्याचा छाप पाठीवर घेऊन बारकू घरी आला. उपाशीच.

"मामा, लग्न करीन तर त्या पोरीशीच. पण मला तिथं कुणी टिकू देईना."

मामाने कपाळावर हात मारला. "बाहेर बसायचं रे, बाहेर! रिकामी खुर्ची दिसली की बसायचं. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बोललास की घाण करतोस."

पुढच्या बाजारी खानावळ तुडुंब भरलेली. रिकामी खुर्ची एकच होती, गल्ल्यावरची. रंगराव वाढप्याला झापायला आत गेला होता. बारकू बसला.

एक गिऱ्हाईक आलं. "मालक, आमटी खारट आहे."

बारकू गप्प.

"मालक, आमटी समुद्र झालीय!"

बारकू गप्प.

"बघा, बघा! काही बोलतोय का? किती हा माज!" असं म्हणत ते गिऱ्हाईक चालतं झालं. त्याच्या मागे आणखी चौघे गेले. तेवढ्यात रंगराव आला. "ए, ऊठ!" बारकू गप्प. "कोण रे तू?" बारकू गप्प. मग रंगरावाने आणि वाढप्याने त्याला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवला आणि खुर्ची तेवढी परत नेली.

घरी मामाने विचारलं, "जेवलास?" बारकू गप्प. रात्रभर गप्प. सकाळी हौसामामी म्हणाली, "अहो, तुम्हीच कुलूप लावलंय, तुम्हीच काढा." मामाने "बोल बाबा," म्हटलं, तेव्हा कुठे सगळं कळलं.

आमच्याकडे पावसाची टंचाई असते, सल्ल्याची कधीच नसते. मीही त्यातलाच, म्हणून मामाला हसत नाही. मामाने बारकूला पुढ्यात बसवलं.

"नीट ऐक. खानावळीत रिकामी जागा मिळत नसते. जो जेवतोय त्याच्या मागं जाऊन उभं राहायचं. तो उठला की आपण बसायचं. आणि आपल्या मागं कुणी येऊन उभा राहिला, की समजायचं आपली पाळी संपली. मुकाट्यानं उठायचं, त्याला जागा द्यायची. मग तो कुणी का असेना!"

"कुणी का असेना," बारकूने घोकलं.

पुढच्या बाजारी तो एका जाड्या गृहस्थाच्या मागे जाऊन उभा राहिला. इतका जवळ, की त्या गृहस्थाच्या मानेला वारा लागायला लागला.

"काय आहे?" गृहस्थ घास हातात धरून म्हणाला.

"काही नाही. सावकाश होऊ द्या. मी थांबलोय."

त्या गृहस्थाला पुढचा घास गिळवेना. अर्धं ताट टाकून तो उठला. बारकू बसला. ताट आलं. दीड भाकरी झाली, तोच मागे एक म्हातारा येऊन उभा राहिला. बारकू हातातला तुकडा ठेवून ताडकन उठला. "बसा आजोबा. माझी पाळी झाली."

गल्ल्यावरून रंगराव बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सबंध जन्म गेला माझा या धंद्यात! मागं धा माणसं ताटकळली तरी लोक दात कोरत बसतात. आणि हा बघा!" मग त्याने बारकूला निरखलं. "तू खुर्चीवरचा तोच ना? हैबतीचा भाचा?"

"तोच."

"त्या दिशी उचलल्याशिवाय उठत नव्हतास, आज न सांगता उठलास. शिकणारा हायेस. पोरगी दिली!"

लग्नाचा दिवस आला. मांडव भरला. बारकू मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. पलीकडे भागी हार घेऊन, खाली मान घालून. मध्ये अंतरपाट. भटजी म्हणाले, "मुलाच्या मामांनी मुलाच्या मागे उभं राहावं."

हैबतीमामा फेटा सावरत आला आणि बारकूच्या मागे उभा राहिला.

बारकूने मान वळवून पाहिलं. मामा उभा होता. बारकूला वाईट वाटलं. पोरगी आवडली होती. पण रीत ती रीत. कुणी का असेना!

तो मुकाट्याने पाटावरून उतरला.

"अरे! अरे!" मामा दबक्या आवाजात ओरडला. मंगलाष्टकं टिपेला पोचली होती, कुणाला काही ऐकू गेलं नाही. बारकूला परत ओढायला मामा घाईने पुढे आला. त्याचा पाय पाटावर पडायला आणि वाजंत्री वाजून अंतरपाट खाली यायला एकच गाठ पडली. भागीने रीतीप्रमाणे मान वर न करता हार घातला. मामाच्या गळ्यात. मांडवाने अक्षता टाकल्या. फक्त पुढच्या रांगेत हौसामामीची मूठ तशीच वळलेली राहिली.

बारकू गुपचूप मामाच्या मागे जाऊन उभा राहिला. अगदी जवळ. मामाच्या मानेला वारा लागायला लागला.

"मामा," बारकू म्हणाला, "सावकाश होऊ द्या. मी थांबलोय."