चार बोटं लहान ताटली

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. गावाची रीत अशी, की सुगी झाली की सगळ्यांनी महिनाभर देवळासमोर एका पंगतीत जेवायचं, तेही मातीच्या ताटलीत. भूक असो नसो, लोक ताटली काठोकाठ भरून घेत आणि निम्मा भात टाकून देत. पाटलाने दवंडी पिटवली, दटावलं, हात जोडले. लोक ढिम्म.

पुढच्या सुगीला कुंभारणीने कुणाला न सांगता ताटल्या चार बोटं लहान घडवल्या. लोकांनी त्याही काठोकाठ भरल्या, पोटभर जेवले आणि ढेकर देत उठले. खरकटं उरेना. वाचलेल्या धान्याने गावाचं कोठार भरलं.

मग एका वर्षी पाऊस पडलाच नाही. पाटलाने रोजची पंगत सुरू केली खरी, पण कोठारातून धान्य काढताना त्याचा हात आखडायचा.

"बाई, तुझ्या हातात जादू आहे," तो कुंभारणीला म्हणाला. "ताटल्या अजून लहान कर. कुणाला कळायचंही नाही."

स्तुतीने ती हुरळली. तिने तळहाताएवढ्या ताटल्या घडवल्या. पाटलाने खूश होऊन तिला लुगडं दिलं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत एका म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझ्यामुळे ताटली भरलेली दिसते, पोरी. डोळे निवतात. पोटाला मात्र पटत नाही."

कुंभारणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लुगडं घेऊन ती तशीच पाटलाकडे गेली.

"हे परत घ्या. लोक अन्न टाकत होते, तोवर लहान ताटली ठीक होती. आता टाकायला उरलंय काय? आता कोठारच उघडायला हवं."

"आणि ते संपलं तर?"

"ते ह्याच लोकांच्या पंगतीतून भरलंय, पाटील."

पाटलाने कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

जुन्या मोठ्या ताटल्या पुन्हा निघाल्या. लहान ताटल्यांनी वाचवलेलं धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरलं.

नव्या तांदळाचा पहिला भात घेऊन कुंभारीण म्हातारीकडे गेली. "आजी, तुम्ही बोललात म्हणून माझी चूक मला दिसली. तुमचे फार उपकार आहेत."

"उपकार कसले गं? बस, दोघी जेवू."

तात्पर्य: सवय मोडायला युक्ती पुरते, भूक भागवायला अन्नच लागतं, आणि हा फरक दाखवणाऱ्याचे आभार मानावेत.