छत्रीच्या काड्यांची रेल्वे

आश्विनातली वसुबारस. पहाटे दाट धुकं होतं, मग कोवळं ऊन पडलं. वारा मुळीच नव्हता.

त्या सकाळी बोरवण गावातली सगळी मुलं चिखल कालवत होती. दिवाळी आली की अंगणात मातीचा किल्ला करायचा आणि त्यावर हळीव पेरून हिरवंगार गवत उगवायचं, हे तिथं ठरलेलंच. मैना मात्र किल्ला करत नव्हती. ती रेल्वे करत होती.

मैना आणि तिची आई गावाबाहेर, जुन्या स्टेशनाजवळच्या एका खोलीत राहायच्या. आई लोकांच्या गोधड्या शिवायची. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकच गोधडी होती, आणि थंडीत दोघी ती एकमेकींच्या अंगावर ढकलत राहायच्या. विकतचं खेळणं मैनाला कधी मिळालंच नव्हतं. म्हणून तिनं मोडक्या छत्रीच्या काड्यांचे रूळ केले, काडेपेट्यांचे डबे केले, डब्यांना बटणांची चाकं लावली आणि दंतमंजनाच्या रिकाम्या डबीचं इंजिन केलं. इंजिन इटुकलं होतं, पण उभं मोठ्या तोऱ्यात होतं.

खऱ्या स्टेशनात आता गाडी येत नसे. मैनाच्या जन्माआधीच ती बंद झाली आणि रूळही उचलून नेले. मागे राहिली होती स्टेशनची बाग. लाल लाल कर्दळ, पिवळाधमक झेंडू, गुलाबी गुलबक्षी, आणि मधोमध एक गंजका सिग्नल. मैनाची रेल्वे त्या सिग्नलच्या पायाशीच मांडलेली होती.

"ही कुठली गं रेल्वे?" वर्गातल्या शेवंतानं कुंपणावरून विचारलं.

"माझ्या मनातली."

"मनातली म्हणजे कुठली? आमचा किल्ला बघ, खराखुरा राजगड आहे! ही तर उंदरांची गाडी दिसतेय." आणि शेवंता खिदळत पळाली.

मैनानं आपलं लाडकं स्टेशन हातात घेतलं. त्याचं नाव चांदणवाडी. मातीच्या इवल्याशा भिंती, तांदळाएवढ्या खिडक्या आणि छपरावर अभ्रकाचा चमचमता चुरा. असं स्टेशन कुठंच नव्हतं, म्हणून तर ते तिला आवडायचं.

तेवढ्यात सिग्नलच्या फुटक्या काचेआड काहीतरी फडफडलं. कोळ्याच्या जाळ्यात चतुर अडकलाय असं मैनाला वाटलं. तिनं गवताचं पातं घेतलं आणि सिग्नलच्या शिडीवर चढून एकेक धागा हलकेच सोडवला. कोळ्याचं घर मोडू नये म्हणून उरलेलं जाळं तिनं तसंच राहू दिलं.

बाहेर आला तो चतुर नव्हता. ती होती बोटभर उंचीची परी! तिचा एक पंख पोपटासारखा हिरवा, दुसरा डाळिंबासारखा लाल, आणि केसांत दवाचे थेंब लुकलुकत होते.

"सिग्नलात राहते मी," परी पंख झटकत म्हणाली. "किती दिवसांत कुणी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही बाई! तुझी ही गाडी चालायला हवी ना?"

मैनानं डोळे मोठ्ठे करून मान हलवली.

"मग नियम ऐक. गाडी मनातली हवी की खरी, ते आधी ठरवायचं. मनातली मागितलीस, तर हवे ते पूल घे, हवी ती स्टेशनं घे, पण ती गाडी तुला एकटीलाच दिसेल आणि ऐकू येईल. खरी मागितलीस, तर सगळ्यांना दिसेल, ऐकू येईल. पण इथून धावायची ती गाडी जशी होती तश्शीच करायची. पदरचं काही घालायचं नाही. एक गोष्ट जरी राहिली, तरी गाडी तिथंच अडेल. लक्ष्मीपूजनाच्या पणत्या लागेपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर डबी ती डबीच."

'मनातली' हा शब्द मैनाच्या ओठांवर आलाच होता. पण तिला शेजारची ठकूमावशी आठवली.

ठकूमावशी जन्मभर सीताफळं विकायची. आता तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. भाऊबीज झाली की मुलगा तिला शहरात न्यायला येणार होता, कायमचं. कालच ती मैनाच्या आईला म्हणाली होती, "जाण्याचं काही नाही गं. जायच्या आधी आपल्या गाडीची शिट्टी एकदा कानावर पडली असती, एवढंच."

मैनानं चांदणवाडी परकराच्या खिशात ठेवली.

"खरी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मैनानं चौकशी सुरू केली. जो भेटेल त्याला ती विचारी, "स्टेशनं कुठली कुठली होती? रंग कुठला होता?" पूर्वी इंजिनात पाणी भरणारे दामूकाका पारावर बसलेले असत. ते तर तिला पाहिलं की हसायलाच लागत.

"बोरवण, करंजपाणी, पळसखिंड आणि शेवटी मोहतळं," ते बोटांवर मोजत म्हणाले. "पळसखिंडीच्या अलीकडे बोगदा. आणि आमच्या इंजिनात एक खोड होती बघ. करंजपाणी सोडलं की बिचारं वाटेत दम खायचं. रोज उशीर! साहेब माझ्यावर ओरडायचा, पाणी कमी भरलंस म्हणून."

मैनानं सगळं तसंच केलं. नारळाच्या करवंटीचा बोगदा केला, करंजपाणीला टाकी ठेवली, मोडका बाकही मोडकाच ठेवला. डब्यांना विटकरी रंग दिला.

लक्ष्मीपूजनाची दुपार उतरली तेव्हा तिनं शेवटचा रूळ बसवला. आणि काय नवल! डबीतून कापसासारखा धूर निघाला, बटणांची चाकं फिरली आणि गाडी झुकझुक निघाली. करंजपाणीला थांबली. पुन्हा निघाली. मग बोगद्याच्या अलीकडे, काहीच नव्हतं अशा जागी, तिनं अगदी बारीक शिट्टी घातली आणि ती उभी राहिली.

मैनानं रूळ तपासले. सरळ होते. चढही नव्हता. तिनं दामूकाकांना हाताला धरून आणलं.

"इथं तर काहीच नव्हतं पोरी. नुसतं माळरान आणि एक चिंच. हीच ती खोड!"

मैनानं मातीचं चिंचेचं झाड करून तिथं लावलं. गाडी हलली नाही. उन्हं कर्दळीच्या शेंड्यांवर गेली. गावात कुणीतरी पणतीत तेल घालत होतं.

सिग्नलवरून परी हळूच म्हणाली, "अजूनही मनातली मागू शकतेस हं. चांदणवाडी आहेच की खिशात."

मैनाचा हात खिशात गेला. छपराचा खरखरीत चुरा बोटांना लागला. मग तिनं रिकामाच हात बाहेर काढला आणि ती ठकूमावशीच्या घराकडे धावत सुटली.

"मावशी, चल ना! गाडी चालत नाहीये, पण शिट्टी तरी घालतेय. तेवढी तरी ऐक!"

ठकूमावशी तिच्या खांद्यावर हात ठेवून बागेत आली. गाडीनं पुन्हा तीच बारीक शिट्टी घातली, आणि मावशीचा सगळा चेहरा उजळला.

"अगं बाई! ही मला हाक मारतेय."

"तुला?"

"चिंचेखाली उभी आहे ना? तिथं स्टेशन नव्हतंच गं. सीताफळं मी त्या माळापलीकडे तोडायची. माझे पाय दुखायचे, करंजपाणीपर्यंत टोपली न्यायला व्हायचं नाही. म्हणून डायव्हर चिंचेखाली गाडी हळूच उभी करायचा. नियमात बसत नव्हतं ना, मग सगळ्या गाडीनं ते पोटात ठेवलं. कोण कुणाला सांगणार?"

दामूकाकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे शिव्या खाल्ल्या मी आणि सीताफळं खाल्ली डायव्हरनं? ठके, मला निदान एक तरी द्यायचंस!"

"तू मागे करंजपाणीला टाकीपाशी असायचास दाम्या, तुला कोण देणार?"

सगळ्यांना स्टेशनं विचारली होती, आणि हे तर स्टेशनच नव्हतं! मैना खुदकन हसली. तिनं चटकन अक्रोडाचं अर्धं टरफल घेतलं, त्यात हिरव्या मातीचे मोहरीएवढे गोळे ठेवले आणि ती इवली टोपली मावशीच्या तळहातावर ठेवली.

"तूच ठेव, मावशी."

मावशीनं चाचपडत चाचपडत टोपली चिंचेखाली ठेवली. त्याच क्षणी इंजिनानं लांबलचक, खणखणीत शिट्टी घातली. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, पळसखिंड ओलांडून मोहतळ्याला पोचली. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. कुंपणाबाहेर शेवंता तोंड उघडं टाकून उभी होती.

"पदरचं काहीच घातलं नाहीस," परी म्हणाली. "आता माझ्या पदरचं मी घालते. त्याला नियम नाही."

तिनं एक पंख हलवला, तर बाग हिरवी झाली. दुसरा हलवला, तर बाग लाल झाली. मग दोन्ही रंग मिसळून सोनेरी उजेड झाला, झेंडूच्या पाकळीपाकळीवर सांडला, आणि परी त्यात दिसेनाशी झाली. गावात पणत्या लागल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठकूमावशी मुलाबरोबर शहरात गेली. मैनाच्या घरात आता दोन गोधड्या आहेत, दुसरीची एक पट्टी लाल आणि एक हिरवी. गाडी रोज संध्याकाळी बोरवणहून सुटते आणि करंजपाणी, चिंच, पळसखिंड, मोहतळं इथं थांबते. मोहतळ्याच्या पुढे छत्रीची आणखी एक काडी आहे. तिच्या टोकाला चांदणवाडी आहे, आणि ती सगळ्यांना दिसते.