हरणाऱ्याचं नाव

“…पण भैरूच्या सिनेमात असं काय आहे, जे माझ्या सिनेमात नव्हतं? तेवढं एकदा सांगा, वस्ताद!”

जयसिंग इंगवले विचारत होता. बूट बाहेर काढले होते, गॉगल मात्र डोक्यावर तसाच. दिग्दर्शक झाला म्हणून तालमीत गॉगल घालून यायचं? माझ्या जिभेवर आलं होतं. कान मोडलेला म्हातारा पैलवान मी, मला कोण विचारतो!

हिंदुराव वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं वरखाली करत होते. वय ऐंशी. हात चालूच.

जयसिंग आणि भैरू खोत, दोघं याच हौद्यात लोळून मोठे झाले. दोघंही पुण्याला जाऊन सिनेमा शिकले. गेल्या साली दोघांनीही कुस्तीवर सिनेमा काढला. जयसिंगचा दुसऱ्याच शुक्रवारी थेटरातून उतरला. भैरूचा अजून चालू होता, आणि लोक डोळे पुसत बाहेर येत होते.

“माझ्या मैदानाला पाच हजार माणूस होतं. कॅमेरे सहा. हलगीवाले खरे. त्याच्याकडं काय, तर शाळेचं पटांगण आणि चार टाळकी! तरी जो तो त्याचंच कौतुक करतोय. अंगाचा तिळपापड होतो, वस्ताद. जळतो मी त्याच्यावर. खोटं कशाला बोलू?”

“खरं बोललास, बरं झालं.”

“मग काय चुकलं माझं?”

“नव्या सिनेमाची शेवटची कुस्ती वाच.”

नवा सिनेमाही कुस्तीचाच. दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता, आणि नारळ वस्तादांच्याच हातून फुटायला हवा, असा जयसिंगचा हट्ट. भैरूच्या मुहूर्ताला वस्ताद गेले होते ना! मग ह्याच्या का नाही?

त्यानं वाचलं. आवाज चढवून, हातवारे करून. हीरो मार खातो, रक्त पुसतो, आईची आठवण काढतो, ढाकेचा डाव लावतो. समोरचा चितपट!

दंड मारणारी चार पोरं थांबून ऐकत होती. वाचून झालं. जयसिंग वस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिला.

“पडला कोण?”

“समोरचा.”

“नाव काय त्याचं?”

जयसिंगनं पानं चाळली. पुढची, मागची…

“‘विरोधी पैलवान’ एवढंच लिहिलंय.”

“गाव?”

“वस्ताद, तो पडण्यापुरता आहे. त्याच्या गावाशी काय करायचंय आपल्याला?”

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं. सदरा काढून खुंटीला अडकवला.

“ये.”

“कुठं?”

“हौद्यात. पाड मला.”

“काय बोलताय…”

“ये म्हटलं ना!”

जयसिंग उतरला. जुन्या सवयीनं चिमूटभर माती कपाळाला लावली, हात पुढं केला. वस्तादांनी हात मिळवला… आणि सोडून दिला. मग हळूच गुडघे टेकले, एका कुशीवर झाले, आणि आपण होऊन मातीत उताणे पडले.

अरे देवा! चाळीस वर्षांत या माणसाची पाठ मातीला लागलेली कुणी बघितली नव्हती.

“चितपट,” खालूनच वस्ताद म्हणाले. “जिंकलास. नाच आता.”

“उठा, वस्ताद.”

“का? हीरो झालास की. टाळ्या वाजवा रं!”

कुणाचा हात हलला नाही.

“उठा ना… पाया पडतो तुमच्या.”

जयसिंग गुडघ्यावर आला होता. गॉगल मातीत पडला, त्याला पत्ताच नाही. वस्ताद उठले, पण पाठ कुणाला झाडू दिली नाही.

जयसिंग म्हणाला, “भैरूच्या सिनेमातला हरणारा घरातून निघताना बायकोला सांगतो, आज चूल लवकर पेटव, जिंकून येतो. तो पडला तेव्हा अख्खं थेटर गप्प झालं. मी मनात म्हटलं, काय हा रडका प्रकार!”

“हं.”

“मला नाही जमायचं तसलं. या हौद्यात मी कधी हरलोच नाही. हरलेल्या माणसाच्या पोटात काय तुटतं, ते मला काय ठाऊक? कुणाला जाऊन विचारू?”

वस्तादांनी त्याच्याकडं नीट बघितलं.

“भैरूचा सिनेमा कितीदा बघितलास?”

“एकदा.”

वस्ताद मातीत पडलेला गॉगल उचलून पुसू लागले.

“…पाच वेळा.”

“पडद्याकडं बघत होतास?”

जयसिंगची मान खाली गेली. “पहिल्या वेळी. नंतर मागं वळून बघायचो… खुर्च्या रिकाम्या आहेत का ते.”

“होत्या?”

“नव्हत्या.”

वस्तादांनी खोरं उचललं.

“मग पाचव्या वेळी तिकीट काढून जो आत बसला होता, त्याला विचार की.”